लहान गावाच्या बँकेची नोट

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, आयोवात राहतो. जुन्या सामानाच्या विक्रीत १० डॉलरची नोट घेतली. तपकिरी शिक्का, १९२९ साल, ‘नॅशनल करन्सी’ अशी अक्षरं आणि जवळच्याच एका खेड्यातल्या बँकेचं नाव. गाव लहान म्हणजे नोट दुर्मीळ, असं विकणारा म्हणाला. खरं आहे का? मधली घडी इस्त्रीने काढू का?

उत्तर : इस्त्री मुळीच नको. बँकेचं नाव आणि सनद क्रमांक (सरकारने त्या बँकेला परवान्यासोबत दिलेला क्रमांक) नोटेवर नंतर ठशाने उमटवलेले असतात. नोट उलटी करून तिरप्या उजेडात धरा, त्या ठशाचा उठाव दिसेल. इस्त्रीने तो बसतो आणि जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं. घडीने किंमत कमी होते, पण घडी लपवण्याच्या खटपटीने त्याहून जास्त.

१९२९ हे मालिकेचं साल आहे. या नोटा १९३५पर्यंत निघत होत्या. नेमका प्रकार अनुक्रमांकावरून ओळखा. त्याच्या पुढे-मागे दोन्हीकडे अक्षर असेल आणि सनद क्रमांक फक्त काळ्या शाईत असेल, तर पहिला प्रकार. मागे अक्षर नसून अनुक्रमांकाशेजारी सनद क्रमांक तपकिरी शाईतही असेल, तर १९३३पासूनचा दुसरा. सनद क्रमांकाऐवजी ए ते एल यांपैकी एकच ठळक अक्षर दिसलं, तर ती फेडरल रिझर्व्ह बँकेची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतली नोट. तिच्यावर मोठ्या शहराचं नाव असतं आणि ती सहज मिळते.

आता गावाबद्दल. दुर्मीळपणा लोकसंख्येवर नाही, त्या बँकेच्या किती नोटा आज माहीत आहेत यावर ठरतो. खेड्यातल्या एखाद्या घरात कोऱ्या नोटांची चळत जपलेली निघते आणि त्या बँकेच्या नोटा कायमच्या स्वस्त होतात. उलट मोठ्या गावातली, लवकर बुडालेल्या बँकेची नोट वर्षानुवर्षं सापडत नाही. म्हणून सनद क्रमांक टाकून नॅशनल बँक नोट सेन्सस या माहीत असलेल्या नोटांच्या यादीत नोंदी पाहा. खालच्या सह्या कॅशियर आणि अध्यक्षांच्या. सोसायटी ऑफ पेपर मनी कलेक्टर्स या नोटा-संग्राहकांच्या संस्थेच्या यादीत त्यांची नावं जुळवली की काळ आणखी नेमका कळतो.

मग तोच क्रमांक, तेच मूल्य, तोच प्रकार आणि साधारण तीच अवस्था असलेल्या नोटांना लिलावात प्रत्यक्ष काय मिळालं ते बघा. विक्रेत्याने लावलेली किंमत धरू नका. उजेडात टाचणीची भोकं, कापलेल्या कडा, चिकटवलेली फाट तपासा. नोट मायलारच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात ठेवा. पीव्हीसीचं पाकीट किंवा लॅमिनेशन नको.

एकाच लिलावाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. अशा नोटेसाठी बहुधा त्याच परगण्यातले दोन-तीन संग्राहक झुंजतात. एकाला ती मिळाली की तो बाजूला होतो आणि पुढची नोट बरीच खाली जाऊ शकते.