उलाळ की धुरजड?

आम्ही स्वतः बांधत असलेल्या दोन आसनी विमानाबद्दल मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या आणि पोस्टमनला कामाला लावलं. पत्रं चाळली तर निम्म्या लोकांना एकच गोष्ट हवी आहे: इंजिन कुठलं बसवू? तोल कसा काढला हे एकानंही विचारलेलं नाही. त्याकडं येतोच. नव्या वाचकांसाठी ओळख एवढीच, की हवाई दलात 22 वर्षं एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम बघणारा, होतो. आता लातूरच्या एमआयडीसीत शेड आहे. पोटापुरतं जॉबवर्क करतो, उरलेल्या वेळात विमान.

माझा मुलगा आयटीआय फिटर आहे. शेतातल्या शेडमध्ये त्याने अॅल्युमिनियमच्या पाइपांचा सांगाडा उभा केला आहे, पंख निम्मे झालेत. जुन्या मारुती 800 चे इंजिन मिळाले आहे. गाव हसते. तुम्ही सांगा, उडेल का? — एक शेतकरी, ता. औसा

भाऊ, गावाचं सोडा. गाव ट्रॅक्टरलाही हसलं होतं.

मोटारीचं इंजिन विमानाला लावणं हा काही गुन्हा नाही. अमेरिकेत मिनेसोटाच्या एका खेड्यात बर्नार्ड पीटेनपोल नावाच्या गड्यानं 1929 च्या सुमारास लाकडी विमानावर फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन बसवून उडवलं. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर उडणारी घरगुती विमानं आजही आहेत. पण त्यांनी आधी गणित केलं होतं. ते तुम्हीही करा.

मारुती 800 ची ताकद 37 हॉर्सपॉवर, आणि ती मिळते 5000 आरपीएमला. पंखा, म्हणजे नाकावरचा प्रोपेलर, 1.7 मीटर व्यासाचा धरा. तो थेट क्रँकला जोडून 5000 ला फिरवला, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 445 मीटर होतो. आवाजाचा वेग साधारण 340. टोक आवाजाच्या पुढं गेलं की पंखा नुसता किंचाळतो, ओढत नाही. बरं, हळू फिरवावा म्हणून 2200 वर ठेवला, तर इंजिन जेमतेम 18 हॉर्सपॉवर देतं. म्हणजे मध्ये रिडक्शन, फेरे कमी करणारी जोडणी, हवीच. हलक्या विमानांसाठीच बनवलेलं रोटॅक्स 912 चं 100 हॉर्सपॉवरचं इंजिन 5800 पर्यंत पळतं, पण त्याचा गिअरबॉक्स 2.43 ला 1 या प्रमाणात वेग उतरवून पंख्याला 2400 च्या आतच देतो. शिवाय त्याला दोन स्वतंत्र इग्निशन असतात, एक गेलं तरी दुसऱ्यावर घरी येता येतं. पट्ट्याचं रिडक्शन पोरगा लेथवर करेलही. पण तीन सिलिंडरचे हिसके पुली आणि शाफ्ट किती तास सोसतील, हे कागदावर कळत नाही. विमान जमिनीला साखळीनं बांधून, पंखा लावून, तासन् तास चालवून बघावं लागतं.

आता मला खरी धास्ती आहे ती सांगाड्याची. पाइप कुठून आणले? खिडक्या-दारांच्या सेक्शनचं अॅल्युमिनियम बहुधा 6063 असतं. विमानाला 6061-टी6 किंवा 2024-टी3 लागतं. हातात घेऊन फरक कळत नाही, मलाही कळत नाही. बिल आणि मिलचं सर्टिफिकेट नसेल तर तो पाइप मांडवाला वापरा. जोड वेल्ड केले असतील तर अजून वाईट: टी6 ची ताकद उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते, वेल्डिंगनं जोडाच्या आसपासची ती ताकद उतरते. म्हणून आपण गसेट पत्रे, म्हणजे जोडावर बसवायचे आधाराचे पत्रे, आणि रिबिटं वापरतो. बोल्टचं म्हणाल, तर 8.8 मार्काचा चांगला बोल्ट ताकदीला फारसा कमी नसतो. पण बाजारातल्या बोल्टला आटे लांब असतात. आटे छिद्रात आले आणि त्यांच्यावर कातर पडली, की तिथूनच तुटतो. छिद्रात गुळगुळीत दांडा हवा, आटे बाहेर, नटला स्प्लिट पिन.

मुलाला हे सगळं मोडायला सांगू नका. एक पंख पुरा करू द्या आणि मग तो पालथा करून, मुळाशी घट्ट बांधून, त्यावर वाळूची पोती रचा. पालथा अशासाठी, की हवेत भार खालून वर येतो. 450 किलोचं विमान धरलं आणि नेहमीचा 3.8 पट भार धरला, तर दोन्ही पंखांवर 1710 किलो, म्हणजे एकावर साडेआठशे. पोती एकसारखी पसरू नका, मुळाकडं जास्त, टोकाकडं कमी. पोती काढल्यावर पंख होता तिथं परत आला पाहिजे. बोटभरही वाकडा राहिला तर तो पंख बाद. आणि तो मोडेपर्यंत लादायची तयारी ठेवा: दीडपट भाराला, म्हणजे पावणेतेराशे किलोला तो टिकला पाहिजे. हे बघायला गाव बोलवा, हसणारे आधी.

एक गोष्ट जड मनानं लिहितो. 2021 च्या ऑगस्टमध्ये पैनगंगेपलीकडं एक तरुण कारागीर स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवरच चाचणी घेताना गेला. शेपटीचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला. हात त्याचाही कुशल होता. तुमच्या शेडमध्ये इंजिन सुरू होईल तेव्हा फिरत्या पंख्याच्या रेषेत माणूस, लेकरू, कुत्रं, काहीही उभं नको. मोबाइलवर व्हिडिओ काढणारा तर नकोच.

तोल कसा काढायचा? — प्रश्न माझाच

कोणी विचारला नाही म्हणून मीच विचारतो.

उसाची बैलगाडी भरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मागं जास्त भरली की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. पुढं जास्त भरली की धुरजड, सगळं ओझं खांद्यावर. विमानाचं तसंच. धुरजड विमान नाक उचलायला कुरकुरतं, उतरताना त्रास देतं. पण ते निदान सांगून त्रास देतं. उलाळ विमान नाक वर करतं, स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते, आणि मग चालवायची कांडी कितीही पुढं ढकला, नाक खाली येत नाही. गाडीचे बैल सोडता येतात, इथं सोडायला काही नसतं.

आम्ही मोंढ्यातल्या एका आडतीवरून तीन इलेक्ट्रॉनिक काटे उसने आणले. आडतदाराला वाटलं सोयाबीन मोजायचंय. 50 किलोच्या वजनानं तिन्ही काटे आधी तपासले, एक काटा 400 ग्रॅम जास्त दाखवत होता, तो बदलून घेतला. (कुणाचं तरी सोयाबीन त्या काट्यावर मोजलं गेलं असणार, त्यात मी पडलो नाही.) शेडचं दार बंद केलं, कारण वाऱ्याच्या झुळकीनंही पंख वजन उचलतात. विमान पाणसळीनं सरळ केलं.

नाकाचं चाक 62 किलो, डावं 118, उजवं 116. एकूण 296. अंतरं आम्ही पंख्याच्या टोपीपासून मोजतो: नाकाचं चाक 0.60 मीटरवर, मागची चाकं 2.05 वर. वजन गुणिले अंतर करा, बेरीज करा, एकूण वजनानं भागा. आलं 1.746. पंखाची पुढची कड 1.40 वर आणि पंखाची रुंदीही 1.40, म्हणजे तोल कडेपासून पावणेपस्तीस सेंटिमीटर मागं, रुंदीच्या साधारण पंचवीस टक्क्यांवर. रिकाम्या विमानाला आमच्या आराखड्यात हे बसत होतं. मग पायलट, सोबती, भरलेली टाकी, रिकामी टाकी, असे सगळे जोड करून परत परत मांडलं.

आणि तरी चुकलो. वायरिंग सुटसुटीत व्हावं म्हणून माझ्या भागीदारानं सहा किलोची बॅटरी इंजिनाजवळून काढून सीटमागं ठेवली, दीड मीटर मागं. मला सांगायला विसरला. सहा गुणिले दीड म्हणजे नऊ, भागिले 296: तोल तीन सेंटिमीटर मागं गेला होता. तीन सेंटिमीटर ऐकायला काही नाही. पण दोघं बसल्यावर तोल जिथवर मागं चालतो ती हद्द आमच्यापासून चारच सेंटिमीटर होती. महिनाभरानं पुन्हा वजन केलं म्हणून सापडलं. तेव्हापासून शेडच्या भिंतीवर वही टांगलेली आहे. ग्रॅमभर काही हललं की त्यात लिहायचं, सही करायची.

मुलगी बारामतीला वैमानिकाचे प्रशिक्षण घेते. उन्हाळ्यात पहाटे उठवतात म्हणून कुरकुरते. दुपारी का उडवत नाहीत? — एक आई, परभणी

ताई, कारण तापलेली हवा विरळ असते. आमचंच उदाहरण घ्या, लातूर समुद्रसपाटीपासून साधारण 2000 फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी 42 अंश झाले की इंजिन आणि पंख यांच्या लेखी ते 5700 फूट होतं. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के उतरते, म्हणजे 17 टक्के गेली. पंख्याची ओढही कमी, पंखाची उचलही कमी. पहाटे 1200 फुटांत सुटणारं विमान दुपारी कुंपण दिसायला लागलं तरी जमिनीवरच असतं. त्यात दुपारच्या भोवऱ्यांचे धक्के. लेकीला म्हणावं, पहाटेची थंड हवा फुकट मिळणारी हॉर्सपॉवर आहे. कुरकुर करत का होईना, ऊठ.

घरी बांधलेले विमान उडवायला परवानगी कुणाची लागते? तहसीलदारांचा दाखला पुरेल का? — एक शिक्षक, अंबाजोगाई

गुरुजी, तहसीलदारांना यात ओढू नका, त्यांना सातबारे पुरे आहेत. काम दिल्लीचं, म्हणजे डीजीसीएचं, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं. 1934 चा जुना कायदा जाऊन आता भारतीय वायुयान अधिनियम 2024 आहे, 1 जानेवारी 2025 पासून. विमानाला व्हीटीनं सुरू होणारी नोंदणी लागते आणि उडवायची परवानगी वेगळी लागते. नोंदणी मिळाली म्हणजे उडता येतं असं नाही. अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये ते बीकेसीच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये व्हीटी-एनएमडी ही नोंदणी झाली आणि उड्डाणाची परवानगी हातात पडली 2019 मध्ये. ते स्वतः वैमानिक. तुम्ही-आम्ही अजून धीर धरायचा.

उडवणाऱ्याकडं परवाना हवा: खासगी वैमानिकाला वय 17, दहावी पास, वैद्यकीय तपासणी आणि किमान 40 तासांचं उड्डाण. एक सल्ला. पत्रा कापण्याआधी अर्ज आणि पत्रव्यवहार सुरू करा, प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसह ठेवा. पंखाचं कातडं बंद झाल्यावर आतला रिबिट कुणी तपासू शकत नाही.

पंपावरचे पेट्रोल चालते का? — एक वाचक, जालना

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. रोटॅक्स 912 ला निर्मात्यानं 10 टक्क्यांपर्यंतच मुभा दिलेली आहे. इथेनॉल पाणी ओढतं, जुने रबरी पाइप आणि काही टाक्यांचा लेप खातं. तपासायचं असेल तर मापाच्या नळीत 10 मिली पाणी, वर 90 मिली पेट्रोल. हलवा, थांबा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर 28 पर्यंत चढला तर 20 टक्के.

माझ्या रानात 600 मीटरची धावपट्टी करता येईल का? जमीन सपाट, काळी. — एक शेतकरी, ता. रेणापूर

सपाट आहे हे खरं, पण काळी आहे हे जास्त खरं. पावसात चाकाला ढेकूळ धरते, उन्हाळ्यात भेगा पडतात. एका मित्राच्या रानात आम्ही नुसती जमिनीवर पळवायची चाचणी घेत होतो. सकाळी पट्टी पायी फिरून बघितली, भेगा मातीनं बुजवल्या, एक राहिली. नाकाचं चाक त्यात गेलं, पंख्याचं टोक जमिनीला लागलं, लाकडी पंखा चिरफळला. पंखा दुसरा आला, पण पंखा आपटला की गिअरबॉक्स उघडून तपासावाच लागतो. त्यात चार महिने आणि बायकोसमोर न सांगता येण्याइतके पैसे गेले. चूक माझीच, दोनदा चाललो असतो तर दिसली असती. मुरूम टाकून, रोलर फिरवून, पाण्याला उतार देऊन केली तर पट्टी टिकेल. तिच्यावरून उडायची परवानगी हा वरच्या गुरुजींचा प्रश्न.

मी नववीत आहे. मला विमान बांधायचे आहे. आत्ता काय करू? — एक विद्यार्थिनी, कळंब

बाळ, थर्माकोलची फळी घे. हातभर लांबीचे पंख काप, शेपटी लाव, आणि न फेकता आधी दोन बोटांवर पंखाखाली तोलून बघ. नाकाला पिठाचा गोळा लाव. एकदा लहान गोळा, एकदा मोठा, एकदा गोळा शेपटीला. प्रत्येक वेळी गच्चीवरून नको, ओट्यावरून फेक, वारा नसताना. किती पावलं गेलं आणि कसं पडलं, नाकावर की शेपटीवर, ते वहीत लिही. तीस फेकी झाल्या की ती वही मला पाठव. विमान नाही पाठवलंस तरी चालेल.