वाचक विचारतात : पाठांतर होतं, कविता होत नाही

प्रश्न : गोव्यात फोंडा तालुक्यात सातवीला मराठी शिकवते. मुलं कविता घडाघडा म्हणतात, स्वतः लिहा म्हटलं की गप्प. काय करावं?

उत्तर : ‘पावसावर लिहा’ म्हटलं की ‘पाऊस आला, आनंद झाला’ एवढंच हाती येतं. त्याऐवजी विचारा : पहिली सर आली तेव्हा घरात कोण काय ओरडलं? प्रत्येकाला कागदाची एक पट्टी, एकच ओळ, पाच मिनिटं. यमकाला बंदी, ते जुळवण्यापायी सांगायचं राहून जातं. मग चौघांचा गट करून पट्ट्या जमिनीवर मांडायला लावा, क्रम त्यांनीच ठरवायचा. दुसऱ्याची ओळ बदलायची तर त्याला विचारून. खरी देवाणघेवाण इथेच होते. पंधरा मिनिटं द्याच. वाचन गटाने एकत्र करावं, म्हणजे लाजरं मूल एकटं पडत नाही.

‘सोलां भितर घे गो!’ (कोकमं आत घे गं!) अशी घरच्या कोंकणीतली ओळ आली तर ‘सोलां’चं ‘कोकम’ करू नका. कवी बा. भ. बोरकरांनी मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहिलंच की. आणि हो, लाल पेन त्या तासाला कपाटात. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, तेही फळ्यावर, कुणाची ओळ ते न सांगता.