माहितीपत्रकातली गोष्ट

आपल्या कोकम आगळाच्या माहितीपत्रकाचा मसुदा वाचला. ‘शुद्ध’, ‘दर्जेदार’, ‘पारंपरिक’ ही विशेषणे बाजारातल्या बहुतेक बाटल्यांवर असतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांवरून घसरून जाते. त्याऐवजी लिज्जत पापडाचा आरंभ आठवावा: १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. यात विशेषण एकही नाही. आकडा, जागा आणि माणसे एवढ्यावरच गोष्ट उभी राहते आणि पापड घरच्या हातचा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याकडेही अशी सामग्री आहे, पण ती दुसऱ्या पानाच्या तळाशी दडली आहे: पाऊस लागण्याआधी रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, उतरवण्याची धांदल आणि ते फोडून फोडून लाल झालेली आपल्या आईंची बोटे. तिथूनच सुरुवात करावी. मसुद्यातला पणजीआजींचा रचलेला किस्सा मात्र काढून टाकावा. उमेदीच्या काळात मीही असा एक रचला होता, आणि भर प्रदर्शनात एका ग्राहकाने त्यातल्या गावाचा पत्ता विचारला तेव्हा मला उत्तर देता आले नाही. किंमत आणि बाटलीचे माप गोष्टीत न गुंफता खाली स्वतंत्र ओळीत द्यावे.