“पडाल!” म्हणून ओरडण्याआधी

“आबांचे रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत मॅडम, मनाचंच आहे. तुम्हीच समजवा.” म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणाऱ्या मुलासुनांकडून हे मी सतत ऐकते. म्हणून हा एक अनुभव, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

आबा 74 वर्षांचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. रोज संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला फेरी ठरलेली. एकदा बाथरूमच्या दारात अडखळले, पडलेसुद्धा नाहीत, पण तेव्हापासून भिंत धरून चालायचे. रंकाळा बंद. जरा उठले की घरातून हाक यायची, “आबा, पडाल!”

‘घाबरू नका’ असं मी त्यांना म्हटलं नाही. डोळे मिटायला लावले आणि मुलाला त्यांच्या पायाचा अंगठा हळूच वर-खाली करायला सांगितलं. वर की खाली? उत्तर यायचं, पण उशिरा, चाचपडत. डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय-सांधे, या तिघांच्या खबरीवर तोल सांभाळला जातो. वयाबरोबर तिन्ही मंदावतात. भीतीला आधार होता. मुलगा गप्पच झाला.

पुढच्या एका भेटीत मी सहज विचारलं, “घाटात गाडी वळताना तिकिटं कशी फाडायचा हो?”

आबा खुर्चीतून उठलेच. “करूळ घाटात दोन्ही हात सोडून हुभा ऱ्हायचो!” पाय फाकवले, गुडघे सैल सोडले, नजर समोरच्या काल्पनिक पॅसेंजरवर, कंबर वळणाबरोबर इकडून तिकडं. भिंत चार हात लांब होती.

“आबा, आणि घरात कसे चालता?”

क्षणभर थांबून त्यांनी तेही करून दाखवलं. गुडघे ताठ, नजर फरशीवर, पाऊल घासत. मग स्वतःच म्हणाले, “असा हुभा ऱ्हायलो असतो तर पयल्याच वळणाला पडलो असतो की!”

मी नेहमी शरीराच्या वाटेनं मनाकडे जाते, ते यासाठीच. पडण्याच्या भीतीनं माणूस ताठरतो, हालचाल कमी करतो, पाय आणखी कमजोर होतात आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. शंभर वेळा धीर देऊन जे झालं नसतं, ते आबांच्या गुडघ्यांनी त्यांना दाखवलं.

तुमच्या घरी असं असेल तर आधी डॉक्टरांकडून साखर, बी-12, नजर आणि झोपेतून उठल्यावर बीपी उतरतं का, हे बघून घ्या. मग फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं तोलाचा व्यायाम; जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांसाठी तो आठवड्यातून निदान 3 दिवस सांगते. आबा ओट्याला हात टेकून एका पायावर उभं राहण्यापासून सुरू झाले. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा हवा. चालत्या माणसाला मागून हाक मारू नका. उत्तर देण्याच्या नादात तोल जातो. सोबत चाला, पण दंड धरून ओढू नका, त्यांना तुमचा हात धरू द्या. आबांचा मुलगा आता रंकाळ्यावर तसाच चालतो.

मात्र अचानक तोल गेला, जीभ जड झाली किंवा एक बाजू लुळी पडली, तर माझ्याकडे येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.