दोन्ही वचनं राहू दे

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून आधी बरं वाटलं, मग राग आला. बरं यासाठी की बायबलातल्या १ शमुवेल या पुस्तकाचा पंधरावा अध्याय तू खरोखर वाचलास. बहुतेक जण त्यावरचं प्रवचन ऐकून मोकळे होतात. अकराव्या वचनात देव म्हणतो, शौलाला इस्राएलचा राजा केल्याचा मला पस्तावा होतो. एकोणतिसाव्यात संदेष्टा शमुवेल म्हणतो, देव पस्तावत नाही, तो काही माणूस नाही. आणि पस्तिसाव्यात पुन्हा, परमेश्वराला पस्तावा झाला. राग यासाठी की हे दिसताक्षणी तुला कात्री हवीशी झाली. ‘यातलं खरं कुठलं ते सांगा, म्हणजे दुसऱ्याचा विचार सोडून देते.’

नाही सांगणार. दोन्ही ठेव.

लिहिणारा सहा वचनांत आपलंच म्हणणं विसरला असेल, असं तुला वाटतं का? मग कोण कोणाशी बोलतंय ते बघ. देवाचा पस्तावा ऐकून शमुवेल रात्रभर त्याच्याकडे आक्रोश करत राहिला. तोच शमुवेल सकाळी शौलाला सांगतो की देव बदलत नाही. समोर कोण आहे? सगळं नष्ट कर ही देवाची आज्ञा मोडून लुटीतली चांगली जनावरं राखून ‘ही तर यज्ञासाठी आणली’ म्हणणारा, वडीलजनांसमोर माझा मान राख म्हणून गयावया करणारा राजा. देवालाही गुंडाळता येईल असं ज्याला वाटतं, त्याला ‘तो बदलत नाही’ हेच सांगावं लागतं. रात्रभर रडलेल्या माणसाला पस्तावणारा देव ठाऊक असतो. यातलं एक वचन काढलंस की शमुवेल अर्धाच उरतो.

पूर्वजांच्या पापाचंही तसंच. निर्गम २० म्हणतं, शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. यहेज्केल १८ म्हणतं, मुलगा बापाचा दोष वाहणार नाही. यहेज्केल हा संदेष्टा बाबेलमधल्या, म्हणजे देशाबाहेर नेलेल्या, बंदिवानांशी बोलतोय. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात आमचे आंबले, असं म्हणत ते हातावर हात ठेवून बसले होते. त्यांची ती पळवाट त्याने बंद केली. पण बापाच्या करणीची झळ घरातल्या लहानांना लागतच नाही, असं तू छातीवर हात ठेवून म्हणशील? नाही ना? मग दोन्ही ठेव.

आता तुझं ते वाक्य, ज्यावर तू स्वतःच खूश दिसतेस: जुन्या कराराचा देव वेगळा आणि नव्याचा वेगळा. हे तुला काल सुचलं असेल, पण ते फार जुनं आहे. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा मार्किऑन हेच सांगत होता आणि इ.स. १४४ च्या सुमाराला रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याच्याशी संबंध तोडले. त्याने अख्खा जुना करार बाजूला ठेवला. तेवढ्याने भागलं नाही. मग लूकच्या शुभवर्तमानातूनही काटछाट, पौलाची पत्रंही दहाच आणि तीही छाटलेली. कारण नको असलेला देव तिथेही होताच. कात्री एकदा हातात घेतली की ती कुठे थांबवायची हे आपल्या हातात राहत नाही.

एका ठिकाणी मी वर्षानुवर्षं शास्त्राचा वर्ग घेत होतो. शमुवेलच्या त्याच पंधराव्या अध्यायातलं तिसरं वचन गाळा, असं मला सांगण्यात आलं: अमालेकी लोकांना ठार करा, बायका आणि तान्ही मुलंसुद्धा. लोक अस्वस्थ होतात म्हणे. अस्वस्थ व्हायलाच हवं! मी गाळलं नाही. वर्ग माझ्याकडून काढून घेतला, आणि ज्यांच्या घरी माझं रोजचं येणंजाणं होतं ते भेटेनासे झाले. त्याचं दुःख अजून आहे, खोटं कशाला बोलू. थोडं नरमाईने घ्यायला हवं होतं असं घरचेही म्हणतात. नरमाईने म्हणजे कसं? तान्ह्या मुलांवरून डोळे मिटून पुढे जायचं? त्या वचनाचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे तयार उत्तर असतं त्यांच्याशी या विषयावर मी बोलत नाही. उद्या पुन्हा वर्ग दिला तरी मी तिसऱ्या वचनापासूनच सुरुवात करीन. हट्टी म्हणतात मला, म्हणोत.

आणि देवाची बाजू सावरायची घाई कशाला? दोष नसताना सारं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांनी तेच केलं. देव न्यायी आहे, तेव्हा चूक तुझीच, हे ते पानंच्या पानं सांगत राहिले. शेवटी देव त्यांच्यावरच संतापला: माझ्याविषयी माझा सेवक ईयोब नीट बोलला, तुम्ही नाही. ज्याने देवाला तोंडावर जाब विचारला, तो नीट बोलला!

तुझ्या पत्रात एक जोडी राहून गेली. योना आणि नहूम एका बैठकीत वाच. दोघेही संदेष्टे, आणि दोघांसमोर एकच नगर आहे, अश्शूरांचं निनवे. योनाच्या पुस्तकात ते पस्तावतं आणि देव त्याला सोडून देतो. देव मंदक्रोध आहे, म्हणजे लवकर रागावत नाही, हे निर्गम ३४ मधलं बोलणं दोघांच्याही तोंडी आहे. योना ते तक्रार म्हणून सांगतो: तू असा दयाळू, म्हणून तर मी पळालो. नहूम त्यालाच जोडून म्हणतो, पण अपराध्याला तो मुळीच सोडणार नाही. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडलंही. योनाचं पुस्तक तर देवाच्या प्रश्नावरच थांबतं, योनाचं उत्तर त्यात नाही. शास्त्र ज्यांनी जमवलं त्यांनी दोन्ही पुस्तकं ठेवली. त्यांना विरोध दिसला नसेल असं समजू नकोस. ती माणसं तुझ्या-माझ्यापेक्षा बारकाईने वाचत होती.

तुझ्या वहीत ‘विरोध’ आणि ‘उत्तर’ असे दोन रकाने आहेत म्हणतेस. दुसरा खोडून टाक. तिथे लिही: कोण बोललं, कोणाला, तेव्हा काय घडत होतं. निनवेची दोन्ही पुस्तकं तशी भरून पाठव. आणि तिसऱ्या वचनापाशी काही लिहिता आलं नाही, तर जागा कोरी ठेव. माझ्याही वहीत ती कोरीच आहे.

तुझा,
जुना शिक्षक