मुलाच्या ब्लड कॅन्सरच्या उपचारात डॉक्टर संशोधनासाठी सही मागत असतील, तर ती द्यावी का?

तुम्ही लिहिलंय, "भाचा सहा वर्षांचा, एएलएल (ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) निघालाय, डॉक्टर अभ्यासाच्या कागदावर सही मागतात. लेकरावर प्रयोग करणार का?" हे शेवटचं वाक्य माझ्या आईनं 2017 साली परळच्या फुटपाथवर बसून जसंच्या तसं म्हटलं होतं. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. आम्ही सेलूचे. मी डॉक्टर नाही, दुकानात हिशेब लिहितो. तेव्हा हे एका बापाचं ऐकलं असं समजा.

आम्ही सही दिली. तो अभ्यास कुठल्या नव्या, अनोळखी औषधाचा नव्हता. देशातल्या मोठ्या केंद्रांनी मिळून एएलएलवर चालवलेला होता. त्यात एक साधा प्रश्न होता: कमी धोक्याच्या लहान मुलांना सुरुवातीचं स्टेरॉइड पाच आठवड्यांऐवजी तीनच आठवडे दिलं, तर त्रास कमी होतो का? स्टेरॉइडनं तोंड सुजतं, साखर वाढते आणि मुख्य म्हणजे जंतुसंसर्ग लवकर होतो. कोणाला तीन, कोणाला पाच हे चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो. आमच्या वाट्याला पाच आले, म्हणजे जुनंच. स्टेरॉइडच्या भुकेनं रात्री दोन वाजता उठून पोरगी भाकरी मागायची.

तुमचा अभ्यास वेगळा असू शकतो, म्हणून सहीआधी विचारा: नेहमीच्या उपचारापेक्षा नेमकं काय वेगळं होणार? जास्तीचं रक्त किंवा पाठीतलं पाणी किती वेळा काढणार? त्या तपासण्यांचा खर्च कोणाचा? काही इजा झाली तर जबाबदारी कोणाची? कागद मराठीत मागा, एक दिवस घरच्यांना वाचू द्या. नाही म्हटलं तरी नेहमीचा उपचार मिळतो, आणि हो म्हटल्यावर मधेच बाहेरही पडता येतं. 2009 पासून भारतात अशा चाचण्यांची नोंद सरकारी रजिस्ट्रीत करावीच लागते, तो क्रमांक मागायला संकोच करू नका.

एक गोष्ट आईला सांगितल्यावर ती जरा शांत झाली. 1947-48 साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी ब्लड कॅन्सरच्या 16 मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिलं, त्यातल्या 10 जणांचा आजार काही काळ मागे हटला. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथले संशोधनप्रमुख होते आपल्याकडच्या आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज भाच्याला केमोची जी मेथोट्रेक्सेट मिळेल ती याच घराण्यातली.

आता खरं सांगू? सहीवर आमच्या घरात आठवडाभर खल झाला, पण लेकरू हातचं जाणार होतं ते एका साध्या तापापायी. इंडक्शन (केमोचा पहिला टप्पा) संपवून गावी आलो होतो. रात्री अंगाला 101 ताप. जवळच्या दवाखान्यात तापाची गोळी देऊन "व्हायरल आहे, सकाळी बघू" म्हणाले. केमो चालू आहे हे मी सांगितलं होतं, तरी. सकाळपर्यंत हातपाय गार पडले. केमोनं रक्तातल्या पेशींचे काउंट पडलेले असताना शरीरात जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. गोळीनं ताप उतरतो, आतला जंतू पसरत राहतो. अशा वेळी शिरेतून अँटिबायोटिक लवकरात लवकर, शक्यतो तासाभरात, सुरू व्हावं लागतं.

म्हणून डिस्चार्ज घेतानाच डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या: या मुलाला केमो चालू आहे, 100.4 च्या वर ताप आला तर लगेच अ‍ॅडमिट करून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि अमुक इंजेक्शन. लॅमिनेट करा. आम्ही त्या घटनेनंतर केलं. गुदद्वारात थर्मामीटर घालू देऊ नका, आणि न विचारता कमरेत सुई मारू देऊ नका.

खाण्याचं फार अवघड नाही. ताजं शिजवलेलं गरम वरणभात, भाकरी, अंडं पूर्ण उकडलेलं. बोअरचं पाणी उकळूनच. मोसंबी, केळी यांसारखी साल काढायची फळं चालतात. कच्ची कोथिंबीर, बाहेरची भेळ बंद. पाहुण्यांना दारातूनच चहा द्या, रुसले तर रुसू द्या.

पुढे मेंटेनन्स (गोळ्यांचा शेवटचा लांब टप्पा) येईल, सगळं धरून दोन-अडीच वर्षं. तेव्हा लेकरू खेळतं, केस येतात, आणि सोयाबीनची काढणी आली की लोकांना वाटतं झालं बरं. आमच्या वॉर्डातल्या एका घरानं असाच उपचार मधेच सोडला. आजार परत आला तेव्हा पहिल्यापेक्षा हट्टी होता. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, दुसरी गोळी (मर्कॅप्टोप्युरिन) रोज; वहीत रोज टिक करा, घरातल्या एकाच माणसाकडं काम द्या.

पैशाचं म्हणाल तर फुले जन आरोग्य योजनेचं आधी बघा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर रुग्णसेवा सदन. लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, समाजसेवा विभागातून चिठ्ठी लागते. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं तिकीट माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. फॉर्मवर हॉस्पिटलचा शिक्का हवा.

थर्मामीटर डिजिटल आणि दोन घ्या. आमचा काचेचा होता, देवगिरी एक्सप्रेसमध्ये जालन्याच्या अलीकडं बर्थवरून पडून फुटला, आणि त्याच रात्री पोरीचं अंग गरम लागत होतं.