सहा सेकंदांचं सॅम्पल आणि अख्ख्या अल्बमचे अडकलेले पैसे

प्रश्न: मी रॅपर आहे. माझ्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यात 1974 च्या हिंदी चित्रपटगीताचा सहा सेकंदांचा तुकडा लूप केला आहे. खाली गायिका, संगीतकार सगळ्यांची नावं दिली होती. गाणं तुफान चाललं. आता म्युझिक कंपनीची नोटीस आली आहे आणि डिस्ट्रिब्युटरने (गाणी स्ट्रीमिंग ॲप्सवर पोहोचवणाऱ्या कंपनीने) अख्ख्या अल्बमचे पैसे रोखलेत. सात सेकंदांपर्यंत चालतं ना?

उत्तर: नाही चालत. हा सात सेकंदांचा नियम कुठून निघाला देव जाणे. कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये तो नाही. शिवाय लोक ओळखतील असाच तुकडा तुम्ही निवडलात, त्यामुळे ‘किरकोळ वापर’ हा बचाव लंगडा पडेल. नावं दिलीत हे चांगलं केलंत, पण त्याने परवानगीची गरज टळत नाही.

सॅम्पलमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या तुकड्यात, दोन वेगळे हक्क गुंतलेले असतात. 1974 च्या ध्वनिमुद्रणाचा हक्क 2034 अखेरपर्यंत चालेल. चाल आणि शब्दांचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. तोच तुकडा नव्याने वाजवून घेतलात तर पहिल्यातून सुटाल, दुसऱ्यातून नाही.

तरीही घाबरून तडजोडीवर सही करू नका. आधी लेखी विचारा की हे हक्क कंपनीकडे कोणत्या करारनाम्याने आले. द गेम या अमेरिकी रॅपरचा ‘द डॉक्युमेंटरी’ हा अल्बम 2005 मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातल्या, टिंबालँडने निर्मिलेल्या एका गाण्यात ‘आराधना’मधल्या गाण्याचा तुकडा असल्याचं सांगत सारेगामा या भारतीय म्युझिक कंपनीने दावा लावला आणि 2011 मध्ये अपिलात हरली. 1967 च्या करारावरून ध्वनिमुद्रणाची मालकीच सिद्ध झाली नाही. जुन्या चित्रपटगीतांचे करार असे विचित्र निघू शकतात, म्हणून कागद बघितल्याशिवाय बोलणी नकोत.

कागद पक्के निघाले तर मात्र ताणू नका. ते गाणं तूर्त उतरवा आणि त्याच्या उत्पन्नातला वाटा देऊ करा. गाणं चाललंय, त्यामुळे कंपनी भाव वाढवणार हे गृहीत धरा. डिस्ट्रिब्युटरला वेगळं पत्र द्या: वाद एकाच गाण्याचा आहे, बाकी गाण्यांचे पैसे मोकळे करा. करारात संपूर्ण रक्कम रोखण्याचं कलम आहे का, तेही तपासा.

आणि कृपा करून ‘नोटीस आली, बघून घेऊ’ असल्या रील टाकू नका. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम 63 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती रील समोरचा वकील आधी डाउनलोड करेल.